श्रेयांक आणि पत : अमेरिकेतील ज्युनिअर कॉलेजांच्या इतिहासातील एक प्रश्न

इंग्रजीतील 'क्रेडिट' या शब्दासाठी मराठी विद्यापीठीय परिभाषेत 'श्रेयांक' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. मूळ शब्द 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला असून तो धातू व संस्कृतातील 'श्रद्धा' यांचे मूळ एकच मानले जाते. 'श्रेयांक' या शब्दात मोजमाप आले, विश्वास मात्र गळाला. व्यवहारातील मराठीत त्या अर्थाच्या अधिक जवळ जाणारा शब्द 'पत' हा होय. हा भेद केवळ शब्दांचा नाही. अमेरिकेतील दोन वर्षांच्या महाविद्यालयांतून चार वर्षांच्या विद्यापीठांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, श्रेयांकांचे माप लवकर ठरले. पण त्या मापाला पत कोणी द्यावयाची, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू राहिला.

या इतिहासाचा आरंभ शिकागो येथे होतो. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्ये पदवीच्या चार वर्षांचे दोन भाग पाडले आणि १८९६ मध्ये त्यांना ज्युनिअर कॉलेज व सीनिअर कॉलेज अशी नावे दिली. महाराष्ट्रात आज 'ज्युनिअर कॉलेज' म्हणजे अकरावी-बारावीचे वर्ग; हार्पर यांच्या योजनेत मात्र पदवीची पहिली दोन वर्षे अभिप्रेत होती. ही दोन वर्षे विद्यापीठाबाहेरही शिकविता येतील, असे त्यांचे मत होते. त्यांचे स्नेही जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील हायस्कूलला जोडून १९०१ मध्ये असे वर्ग चालविले. तेच आजचे जोलिएट ज्युनिअर कॉलेज होय. तेथील अभ्यास शिकागोत ग्राह्य धरला जाई, तो दोन व्यक्तींच्या परस्पर विश्वासाच्या बळावर. विश्वास होता; त्याला नियमाचे रूप नव्हते.

माप ठरले ते एका निराळ्याच कारणाने. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाची योजना आखली. त्यासाठी 'महाविद्यालय' कशास म्हणावे, हे ठरविणे प्राप्त झाले. १९०६ मध्ये प्रतिष्ठानाने प्रवेशासाठी माध्यमिक शिक्षणाची १४ एकके आवश्यक मानली. एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक. तासांत मोजण्याची हीच रीत महाविद्यालयीन अभ्यासालाही लागू झाली. त्यामुळे दोन संस्थांतील अभ्यासाची तुलना करणे सोपे झाले. तथापि तास समान असले म्हणजे ज्ञान समान असते, हे मान्य करण्यास विद्यापीठे बांधलेली नव्हती.

कॅलिफोर्नियाने १९०७ च्या कायद्याने हायस्कुलांना पदवीची पहिली दोन वर्षे शिकविण्याची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेझ्नो येथे असे पहिले महाविद्यालय सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या शिक्षणाचा १९४४ चा कायदा आणि अध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाचा १९४७ चा अहवाल यांनी या संस्थांचा विस्तार केला. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव सर्वत्र रूढ होण्यास तो अहवाल कारणीभूत झाला. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाची व्यापक योजना स्वीकारली. हायस्कूल उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात व वरच्या एक तृतीयांश विद्यार्थ्यांना राज्य महाविद्यालयांत प्रवेश मिळावयाचा. उरलेल्यांसाठी ज्युनिअर कॉलेजांची दारे खुली. अठराव्या वर्षी ज्यांना विद्यापीठाने नाकारले, त्यांना विसाव्या वर्षी तेथे जाता येईल, हे आश्वासन या योजनेच्या न्याय्यतेचा आधार होते. वरच्या वर्गांत त्यांच्यासाठी जागा राहाव्यात म्हणून पहिल्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावे, असेही योजनेत सुचविले होते.

त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होझे येथील ज्युनिअर कॉलेजाच्या अभ्यासावरून एक अप्रिय निष्कर्ष मांडला. उघड्या दाराने आत आलेल्या अनेकांच्या आकांक्षा तेथे हळूहळू शमविल्या जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रेयांकांच्या स्थानांतरातही अशीच एक निःशब्द प्रक्रिया घडते. विद्यापीठ विद्यार्थ्याचे श्रेयांक क्वचितच सरसकट नाकारते; ते 'ऐच्छिक' म्हणून स्वीकारले जातात, परंतु मुख्य विषयाच्या आवश्यकतेत धरले जात नाहीत. अंक गुणपत्रिकेवर राहतात आणि विषय पुन्हा शिकावा लागतो. प्रत्येक विभाग आपल्या अभ्यासक्रमाचा दर्जा राखण्यासाठी असे करीत असतो आणि तो हेतू अवाजवी म्हणता येत नाही; परंतु त्याचे मोल विद्यार्थ्याला वेळाने व पैशाने चुकवावे लागते.

या अडचणीवर काही राज्यांनी उपाय योजिले. फ्लोरिडाने १९७१ मध्ये राज्यव्यापी करार करून असोसिएट पदवी एकसंध मानण्याचे ठरविले. ती मिळविलेल्याचे सामान्य शिक्षण विद्यापीठाने पुन्हा तपासावयाचे नाही. समान विषयांना समान क्रमांक देण्याची पद्धतीही तेथे आली. कॅलिफोर्नियाने २०१० च्या कायद्याने स्थानांतरासाठी ६० श्रेयांकांची स्वतंत्र असोसिएट पदवी निर्माण केली आणि ती मिळविणाऱ्यास राज्य विद्यापीठ-व्यवस्थेत तिसऱ्या वर्षाच्या दर्जाने प्रवेशाची हमी दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र या बंधनाबाहेर राहिले. समान क्रमांकांचा कायदा तेथे २०२१ मध्ये झाला. अशा करारांना इंग्रजीत 'आर्टिक्युलेशन' म्हणतात. भाषाशास्त्रात हाच शब्द उच्चारणासाठी वापरतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'सांधा' असा आहे.

हे सांधे अद्याप पक्के झालेले नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने दिलेल्या अंदाजानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी चार वर्षांच्या पदवीची इच्छा बाळगतात; सहा वर्षांत ती मिळविणारे सुमारे १६ टक्केच असतात, असे २०२४ च्या पाहणीत आढळले. दारिद्र्य, नोकरी व कौटुंबिक जबाबदाऱ्या यांचाही यात मोठा वाटा आहे. यास्तव सर्व दोष स्थानांतराच्या माथी मारता येत नाही. पण वरील इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे प्रत्येक विषयाची पारख विद्यार्थी आल्यावर केली जाते, तेथे संशयाचा भार विद्यार्थ्यावर पडतो. जेथे संस्थांनी आधीच एकत्र बसून अभ्यासक्रम ठरविले, तेथे तो भार संस्थांनी उचललेला असतो.

भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक-पेढीचे विनियम केले. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना समकक्षतेसाठी खेटे घालणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला या व्यवस्थेचे महत्त्व सांगावयास नको. पेढीत अंक जमा करण्याची सोय यंत्राने होऊ शकते. त्या अंकांना पत मिळावयाची असेल, तर एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने दुसऱ्याचा अभ्यासक्रम विद्यार्थी दारात येण्यापूर्वीच वाचलेला असला पाहिजे. अमेरिकेला हे उमगावयास सत्तर वर्षे लागली, आणि तेथेही ते सर्वत्र अमलात आलेले नाही.