वाऱ्याआधी खणायचा कंद

लसणाच्या वेण्या आपल्या घरात टांगलेल्या असतात ना, तशाच वेण्या अमेरिकेतल्या लाकोटा बायका एका रानकंदाच्या घालतात. त्यांच्या भाषेत तो तिंप्सिला.

मिसुरी नदीच्या आजूबाजूच्या गवताळ माळांवर हे रोप उगवतं. वीतभर उंची, अंगावर पांढरी लव, निळसर फुलांचा तुरा. कूळ आपल्या हरभऱ्या-भुईमुगाचं. वरचा पाला दरवर्षी मरतो, खाली कंद जिवंत राहतो. पण खणायला दिवस थोडे. बी तयार झालं की देठ जमिनीलगत मोडतो आणि अख्खं झुडूप वाऱ्यावर गडगडत निघून जातं. मग कंद शोधायचा कुठे? म्हणून लाकोटांनी जून महिन्यालाच या कंदाचं नाव दिलं.

खणायचं काम बायकांचं. हातात टोकदार काठी, बरोबर मुलं. आया मुलांना सांगायच्या, ही झाडं एकमेकांकडे बोट दाखवतात, फांदी जिकडे वळलीय तिकडे पळा. पोरं पळायची. मेल्विन गिलमोर यांच्या १९१९ च्या पुस्तकात याची नोंद आहे. पोरांना कामाला लावायची याहून गोड युक्ती आम्हाला तरी माहीत नाही! घरी आणून साल काढायची, शेपटासारख्या मुळांची वेणी घालून वाळवायची. मग हिवाळ्यात तो कंद मांसाबरोबर शिजायचा, नाहीतर कुटून त्याच्या पिठाने रस्सा दाट व्हायचा.

८ मे १८०५. लुइस आणि क्लार्क यांची सरकारी मोहीम मिसुरीतून वर निघाली होती. सोबत शोशोनी जमातीची सॅकागाविया, कडेवर तीन महिन्यांचं बाळ. तिने टेकडीच्या उतारावरून हा कंद गोळा केला आणि क्लार्कला खायला दिला. त्याने डायरीत तसं लिहिलं, पण तिचं नाव नाही लिहिलं. नुसती ‘दुभाष्याची बायको’. त्याच दिवशी लुइसने झाडाचं सविस्तर वर्णन केलं, कंद कसा शिजवतात तेही लिहिलं. स्वतःला मात्र तो बेचव लागला म्हणे. पुढे फ्रेडरिक पुर्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव दिलं, ‘एस्क्युलेंटा’, म्हणजे खाण्याजोगी. हे त्या बायकांना कुणी सांगायची गरज नव्हती.

१८४० च्या दशकात युरोपात बटाट्यावर रोग पडला, तेव्हा लामार-पिको नावाच्या प्रवाशाने हा कंद फ्रान्सला नेला. पण कंद भरायला काही वर्षं लागतात. शेतकऱ्याला एवढा धीर कुठून? ते पीक तिथे रुजलंच नाही.

इकडे १८६२ च्या कायद्याने वसाहतवाल्यांना जमिनी वाटल्या, माळ नांगराखाली गेले. नांगरलेल्या रानात तिंप्सिला टिकत नाही. जिथे गवत शाबूत आहे तिथे लाकोटा बायका आजही जूनमध्ये मुलींना घेऊन जातात. कंद काढला की बियांचा शेंडा त्याच खड्ड्यात ठेवतात आणि वर माती ओढतात.