वसई-विरारमध्ये स्वतःचं घर बांधताना आणि सांभाळताना: कागद, सळई आणि पाणी

२६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेतली रमाबाई अपार्टमेंट ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. इमारत अनधिकृत होती आणि तिचं वय जेमतेम पंधरा वर्षांच्या आत होतं. त्याआधी, त्याच वर्षाच्या सुरुवातीला, नालासोपारा पूर्वेतल्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडण्याचं काम पूर्ण झालं. ती जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित होती. हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यभराची कमाई देऊनच घर घेतलं होतं.

एका ठिकाणी बांधकामाने दगा दिला, दुसऱ्या ठिकाणी कागदाने. या दोन्ही घटना मोठ्या इमारतींच्या असल्या तरी सोपारा, गोखिवरे, पेल्हार किंवा पापडी इथे स्वतःच्या जागेवर एक-दोन मजली घर बांधणाऱ्या कुटुंबालाही हेच दोन धोके असतात. म्हणून घर बांधायचं असेल, मजला चढवायचा असेल किंवा वडिलांचं जुनं घर सांभाळायचं असेल, तर कामाला येतील अशा गोष्टी आम्ही इथे एकत्र देत आहोत. हा लेख जपून ठेवा आणि काम सुरू करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

१. विटेच्या आधी कागद

जागा घेताना सातबारा, फेरफार आणि गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) स्वतः काढून पाहा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. महाभूमी पोर्टलवर डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. किमान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या. पुढच्या बाबी नक्की तपासा:

- आदिवासी जमीन आहे का? पालघर जिल्ह्यात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. 'अ‍ॅग्रिमेंट करून देतो, पुढे बघू' असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.
- भोगवटादार वर्ग २ लिहिलंय का? असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते.
- आरक्षण आणि झोन. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. अग्रवाल नगरीच्या रहिवाशांना हा एक कागद आधी दिसला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.
- खाडी, तिवर, मिठागर. अशा जागेला सागरी किनारा नियमन लागू शकतं. जमिनीवर भराव टाकला म्हणून नियम बदलत नाहीत.
- मोजणी. भूमि अभिलेख कार्यालयाची अधिकृत मोजणी करून हद्द कायम करून घ्या. शेजाऱ्याशी भांडण होण्याआधी मोजणी केलेली स्वस्त पडते.

नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर किंवा नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने. आणखी एक गैरसमज आपल्याकडे फार आहे: घरपट्टीची पावती आणि वीजबिल असलं म्हणजे घर कायदेशीर झालं. तसं नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, वर शास्तीही लावते. तो कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही.

२. घर कुणाच्या नावावर? हे आधी ठरवा

आपल्या घरांमध्ये नेहमी दिसणारं चित्र असं: जमीन अब्बांच्या नावावर, आणि वरचा मजला आखातात नोकरी करणाऱ्या मुलाच्या पैशाने. अब्बा हयात असेपर्यंत सगळं ठीक चालतं. त्यांच्या पश्चात मात्र जमीन त्यांच्या सगळ्या वारसांची होते. त्यात अम्मी आणि बहिणींचा हिस्साही ठरलेला असतो. मग 'मजला माझा' म्हणणाऱ्या मुलाकडे दाखवायला काहीच नसतं आणि 'जमीन सगळ्यांची' म्हणणाऱ्या बहिणीला घरात जागा नसते.

यावर उपाय आहेत. पैसे लावतानाच कोणी किती दिले आणि ते कर्ज, मदत की हिस्सा, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. अब्बांना हयातीतच कुणाला भाग द्यायचा असेल तर हिबा करता येतो. हिब्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने स्पष्ट जाहीर करणं, घेणाऱ्याने कबूल करणं आणि ताबा देणं. आपल्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे तोंडी हिबा चालतो, पण पुढे तो सिद्ध करताना नाकीनऊ येतात. म्हणून लेखी आणि नोंदणीकृत करा. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे. वसियत करायची असेल तर ती साधारणपणे एक तृतीयांशापुरतीच चालते, हेही लक्षात ठेवा. आणि कुणाचा इंतकाल झाला असेल तर वारस नोंद लांबवू नका. नोंद नसेल तर बांधकाम परवानगीही अडते.

३. परवानगी आणि नकाशा

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यात लहान प्लॉटसाठी सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, मालकी आणि प्लॉट नियमात बसत असेल तर, नकाशा आणि शुल्क देऊन महापालिकेला कळवून काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत परवानाधारक तज्ज्ञामार्फत झटपट मंजुरीची तरतूद आहे. काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.

उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत असेल आणि देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. हे अनुदान आहे, कर्ज नाही. त्यामुळे व्याज टाळणाऱ्या कुटुंबांनी याची महापालिकेत जरूर चौकशी करावी.

नकाशा काढतानाच संडासाची बैठक ठरवा. आपल्याकडून किब्ला पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे आहे, म्हणून बैठक उत्तर-दक्षिण ठेवली की प्रश्न सुटतो. स्लॅब पडल्यावर पाइप फिरवायचा म्हणजे तोडफोड आणि त्यातून गळती.

४. जमीन आणि जोतं

वसईच्या पश्चिम पट्ट्यात आणि खाडीकाठी वर भराव असला तरी खाली मऊ, चिकट गाळ असतो. म्हणून मातीची चाचणी करा. घराच्या एकूण खर्चात ती किरकोळ आहे. भराव थराथराने पाणी मारून दाबला पाहिजे. एकदम ट्रक रिकामे केले तर पुढे लादी बसते.

२०१८ च्या जुलैत मिठागर वस्ती पाण्याने वेढली गेली होती आणि लोक घरांत अडकले होते. तुमच्या गल्लीत त्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते जुन्या रहिवाशांना विचारा आणि जोतं त्याच्या वर घ्या. वीजमीटर आणि मेन स्विचही त्या खुणेच्या वर ठेवा.

डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवत आले आहेत. म्हणून कॉलमच्या रिंगा जवळ-जवळ घालणं आणि त्यांचे हूक आत वळवणं हे ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नका. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणेच व्हायला पाहिजे.

५. इथला खरा शत्रू: खारेपणा

आपल्याकडे सळई आतून गंजते, फुगते आणि काँक्रीटला ढकलून फोडते. याची सुरुवात बांधकामाच्या दिवशीच होते.

- रेती: खाडीची न धुतलेली रेती काँक्रीटला वापरू नका. चांगल्या क्रशरची धुतलेली रेती घ्या. काचेच्या बरणीत रेती आणि पाणी हलवून ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या बाराव्या भागापेक्षा जास्त असेल तर गाडी परत पाठवा. मीठ मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासा.
- पाणी: बोअरचं पाणी खारट असेल तर ते ना काँक्रीटला, ना क्युरिंगला. टँकरचं पाणीही कुठून येतं ते विचारा.
- सिमेंट: गोणीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचा.
- वीट: दोन विटा आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे. दिवसभर पाण्यात ठेवल्यावर वजन पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढता कामा नये.
- कव्हर: सळईखाली खडीचा तुकडा सरकवायची सवय वाईट आहे. सिमेंटचे तयार कव्हर ब्लॉक वापरा. किनाऱ्याजवळ स्लॅबला किमान ३० मिलिमीटर आणि कॉलमला ४० मिलिमीटर आवरण हवंच. थेट खाऱ्या वाऱ्यात असेल तर ४५.

६. स्लॅबचा दिवस

मालाचं प्रमाण इंजिनिअरने ठरवलेलंच ठेवा. 'माल सरकत नाही' म्हणून गवंडी पाणी वाढवतो, तिथे घराची ताकद जाते. हाताने मिक्सरमध्ये केलेल्या एम-२० मालात एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, रेतीतला ओलावा धरून. व्हायब्रेटर आदल्या दिवशीच चालवून पाहा.

स्लॅबवर मसाल्याची आळी करून पाणी भरून ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळून दिवसातून अनेकदा भिजवा. आज मिळणारं बहुतेक सिमेंट फ्लाय अ‍ॅशचं असतं, म्हणून किमान १० दिवस, जमल्यास १४ दिवस क्युरिंग करा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवसांआधी काढू देऊ नका. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या घाई असते. तुम्ही घाई करू नका.

७. टप्प्याटप्प्याने बांधणाऱ्यांसाठी

व्याजाचं कर्ज नको म्हणून आपल्यातली बरीच कुटुंबं तळमजला आज आणि वरचा पाच-सात वर्षांनी बांधतात. ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यात तीन चुका होतात.

पहिली: पाया एकाच मजल्याचा आणि नंतर चढवले दोन. पुढे किती मजले करायचे ते पहिल्याच दिवशी इंजिनिअरला सांगा, पाया तसा घ्या आणि नकाशे जपून ठेवा.

दुसरी: गच्चीवर कॉलमच्या सळया उघड्या राहतात. खाऱ्या हवेत त्या गंजून बारीक होतात आणि गंज खाली कॉलममध्ये उतरतो. सळयांवर सिमेंटचा घट्ट रबडा लावून वर कमी सिमेंटच्या काँक्रीटची टोपी करा. पुन्हा काम काढताना ती फोडून, तारेच्या ब्रशने घासून, इंजिनिअरला दाखवूनच पुढे जा.

तिसरी: पाण्याची टाकी. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं. ती स्लॅबच्या मधोमध नको, कॉलम-बीमच्या वर हवी.

८. ठेकेदार आपला असला तरी करार लिहा

बिरादरीतला आहे, नात्यातला आहे, म्हणून करार टाळला की पैसाही जातो आणि नातंही. दोन पानांचा साधा करार पुरे: दर, मालाचे ब्रँड, कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याला रक्कम, मुदत आणि गळतीची हमी. टप्पा पूर्ण झाल्यावरच पैसे द्या, पण तो पूर्ण झाला की लगेच द्या.

९. वर्षाचं वेळापत्रक

- एप्रिल-मे: गच्ची झाडा, पाण्याचे पाइप मोकळे करा, भेगा भरा. गच्चीला प्रत्येक मीटरला एक सेंटिमीटर उतार हवा. नवीन वॉटरप्रूफिंग केलं की दोन दिवस पाणी भरून खालून पाहा.
- पावसाळ्यात: छताला कुठे ओल येते त्याचे फोटो तारखेसह काढा. पावसाळा संपल्यावर जागा सापडत नाही.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: ग्रील, गेट, पत्र्याचे हूक घासून रंगवा. भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट काढा.
- दर सहा महिन्यांनी: टाक्या धुवा. अर्थ लिकेज स्विचचं टेस्ट बटण मात्र दर महिन्याला दाबून पाहा.
- दर दोन-तीन वर्षांनी: सेप्टिक टँक यंत्राने उपसून घ्या. माणूस आत उतरवू नका, तो गुन्हा आहे. विरारमध्ये एप्रिल २०२४ मध्ये सांडपाण्याच्या टाकीत चार कामगारांचा जीव गेला. विहीर असेल तर सेप्टिक टँक तिच्यापासून किमान १८ मीटर लांब ठेवा.

१०. ही लक्षणं दिसली तर थांबू नका

कॉलमला उभ्या भेगा. सळईच्या रेषेत तपकिरी डाग. प्लास्टर ठोकल्यावर पोकळ आवाज. मधोमध झोल घेतलेला स्लॅब. अचानक अडकायला लागलेली दारं-खिडक्या. अशा जागी नुसतं प्लास्टर आणि रंग मारणं म्हणजे आजार झाकणं. लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. कॉलमला तडे जात असतील किंवा तुकडे पडत असतील तर आधी लहान मुलांना आणि वडीलधाऱ्यांना बाहेर काढा, महापालिकेला कळवा, मग बाकीचं.

महापालिका कायद्याप्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. पण रमाबाई अपार्टमेंट तेवढी वर्षंही टिकली नाही. आपल्या खाऱ्या हवेत पंधराव्या वर्षीच एकदा तपासणी करून घ्यावी, असं आमचं सांगणं आहे. सोसायटीत राहत असाल तर येत्या सभेत हा विषय मांडा. स्वतःचं घर असेल तर या रविवारी गच्चीवर चढा आणि उघड्या सळया, टाकी आणि पाण्याचा उतार पाहून घ्या.