तोंडावरून पटलेली ओळख

समुद्रकाठच्या बाजारात मुशी ओळखायला कुणी शिकवावे लागत नाही. पुढे आलेले टोकदार नाक, त्याच्या खालच्या अंगाला दडलेले तोंड आणि मानेपाशी कल्ल्यांच्या चिरा. एवढ्यावर ओळख पटते. परंतु १५ नोव्हेंबर १९७६ रोजी हवाई बेटांतील ओआहूजवळ अमेरिकन नौदलाच्या एका संशोधन-नौकेवर जो मासा आला, त्याने ही ओळखच उलटीपालटी केली.

नौका वाहवत जाऊ नये म्हणून दोन मोठी पॅराशूटे नांगरासारखी पाण्यात सोडली होती. ती वर ओढली तेव्हा एकात साडेचार मीटर लांबीचे, साडेसातशे किलो वजनाचे धूड गुरफटलेले निघाले. तेथे तळ सुमारे ४६०० मीटर खोल. मासा मात्र अडकला होता तो १६५ मीटरांच्या आसपास. खलाशांनी कटकट नको म्हणून ते परत पाण्यात ढकलले असते, तर त्यांना कोण बोलणार होते? पण त्यांनी ते किनाऱ्यावर आणले. शास्त्राचे नशीब, दुसरे काय!

वायकिकी मत्स्यालयाचे लेटन टेलर मासा पाहून चक्रावले. डोके बेडकाच्या पिलासारखे फुगीर, नाक बोथट आणि तोंड नाकाखाली नव्हे, थेट पुढे, गुहेसारखे. दात म्हणाल तर बारीक आकड्यांसारखे, ओळीमागून ओळ. असल्या दातांनी शिकार कसली होणार? उत्तर कल्ल्यांत आणि पोटात मिळाले. कल्ल्यांच्या आतून बोटांसारख्या गाठींची गाळणी होती आणि पोटात आपल्या जवळ्यासारखे बारीक जीव! गाळून खाणारे शार्क तोवर दोनच ठाऊक होते, देवमाशाएवढा व्हेल शार्क आणि थंड समुद्रातला बास्किंग शार्क. हा तिसरा.

नाव द्यायची घाई मात्र झाली नाही. टेलर, कॉम्पॅग्नो आणि स्ट्रुसेकर यांनी इतर शार्कांशी एकेक अवयव ताडून पाहिला आणि १९८३ साली ‘मेगाकॅस्मा पेलाजिओस’, म्हणजे भर समुद्रातला महामुख, हे नाव प्रसिद्ध केले. जात नवी, प्रजाती नवी, कुळही नवे! एका माशावर एवढा डोलारा उभारणे धाडसाचेच. पण नोव्हेंबर १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटाजवळ जाळ्यात दुसरा नर सापडला. तोंड तेच, दात तेच.

इतका मोठा जीव आजवर लपला कुठे, हे कळायला १९९० उजाडले. कॅलिफोर्नियात सापडलेल्या एका जिवंत महामुखाला ध्वनियंत्र बांधून दोन दिवस त्याचा माग काढला. दिवसा तो दीडशे मीटरांच्या आसपास राही आणि अंधार पडला की पृष्ठभागापासून पंधरा-वीस मीटरांपर्यंत वर येई.