गाण्याच्या प्रती : तबकडीपासून मेमरी कार्डापर्यंत

गाणे एका गावातून दुसऱ्या गावी कसे जाते? वर्गात हा प्रश्न विचारला तर 'मोबाइलवरून' असे उत्तर लगेच येईल. पण मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गाणी फिरत आहेत. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीला दूरदूरच्या पाड्यांवरून लोक येतात, रात्रभर ढोलावर नाचतात आणि तिथे ऐकलेली चाल घेऊन घरी परततात. सासरी जाणारी मुलगीही माहेरची गाणी बरोबर नेते. या पद्धतीत गाण्याची 'प्रत' म्हणजे दुसऱ्या माणसाची आठवण. तिला खर्च नाही. मात्र प्रत्येक प्रत थोडी वेगळी होते.

साच्याची किंमत

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. मेणाच्या चकतीवर आवाजाची नागमोडी खाच उमटवायची, तिच्यावरून धातूचा साचा करायचा आणि त्या साच्याने लाखेच्या तबकड्या दाबून काढायच्या, अशी ती रीत होती. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला, तेव्हा हे काम भारतात होऊ लागले.

या तंत्राचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. पहिली तबकडी अतिशय महाग पडते, कारण ध्वनिमुद्रणाचा आणि साच्याचा सगळा खर्च तिच्यावर बसतो. पुढच्या तबकड्या स्वस्त होत जातात. त्यामुळे पुष्कळ प्रती खपणार असतील तरच साचा करणे परवडते. कोणाचे गाणे निघायचे हे मग कंपनी ठरवणार आणि कंपनी ग्राहकाचा खिसा पाहणार. पावरी, मावची किंवा देहवाली बोलणाऱ्याच्या घरी ग्रामोफोन कुठून असणार? ही माणसे संख्येने थोडी होती असे नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात भिली गटातील भाषा बोलणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ४ लाख भरली. नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत तर अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते.

साचा नाहीसा झाला

१९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. तिच्यातील फितीवर लोह ऑक्साइडचे बारीक कण असतात आणि आवाजाच्या चढउतारांनुसार ते चुंबकित होतात. प्रत काढायला साचा लागत नाही, दोन टेपरेकॉर्डर पुरतात. १९८० च्या दशकात भारतात शेकडो लहान कॅसेट कंपन्या निघाल्या आणि मोठ्या कंपन्यांनी कधी न विचारलेल्या बोलींतील गाणी बाजारात आली. दोष एकच होता : प्रतीची प्रत काढत गेले की खरखर वाढत जाई.

अंकीय तंत्राने हाही दोष घालवला. कसा, ते थोडे गणित करून पाहू. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह असतात. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट झाले. पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५३ मेगाबाइट जागा लागते. १९९५ मध्ये 'एमपी-थ्री' हे नाव मिळालेली पद्धत कानाला सहसा न जाणवणारा तपशील गाळते. तेच गाणे १२८ किलोबिट वेगाने साठवले तर ४.८ मेगाबाइटमध्ये मावते. दोन गिगाबाइटच्या, नखाएवढ्या कार्डात अशी चारशे गाणी बसतात आणि या फाइलची शंभरावी प्रतही पहिल्यासारखीच वाजते.

पुढे बाजाराच्या गावी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' मिळू लागले. एका फोनमधले गाणे ब्लूटूथने दुसऱ्यात जाऊ लागले. सातपुड्यातील अनेक पाड्यांवर अजूनही धड रेंज नसते; तिथे कार्ड खिशात बसून पोहोचले. २००८ मध्ये यूट्यूबची भारतीय आवृत्ती सुरू झाली आणि २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले. आता धडगाव किंवा नवापूरकडील बँड पार्टी आपली रोडाली गाणी स्वतःच ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे ठेवू शकते. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेला मजूर ती तिथे ऐकू शकतो. मध्ये कोणाची परवानगी लागत नाही.

मग हरवले काय?

हरवले ते नाव. फाइल एका कार्डातून दुसऱ्यात जाताना आवाज जसाच्या तसा राहतो, पण कोणी गायले, कोणत्या गावचे, हे मागे पडते. फाइलच्या नावात 'नवीन गाणे ५' एवढेच उरते. पैसाही नावामागे जातो. २०१८ पासून यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा असेल तर साधारणपणे १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणी लागते. तो वाटा वाहिनी चालवणाऱ्याला मिळतो. तो गायक असेलच असे नाही. प्रयोगकर्त्या कलाकाराचे नाव सांगितले जावे हा हक्क आपल्या कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीत मान्य केला आहे. पण नावच ठाऊक नसेल तर हक्क कोणाला द्यायचा? शिवाय एखादे ध्वनिमुद्रण एकाच्या मालकीचे असू शकते. परंपरेने आलेले गाणे मात्र साऱ्या गावाचे असते.

दुसरी अडचण टिकाऊपणाची. १९०२ ची तबकडी आजही वाजते. कार्ड मात्र एका दिवसात निकामी होते आणि बंद पडलेल्या वाहिनीबरोबर तिच्यावरची गाणीही जातात.

इथे शाळेला करण्यासारखे काम आहे, असे आम्हाला वाटते. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांची, शेजाऱ्यांची गाणी त्यांची संमती घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत. प्रत्येक गाण्यासोबत गायकाचे नाव, गाव, बोली, प्रसंग आणि तारीख वहीत लिहावी. प्रती तीन वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. आणखी एक जुनी युक्ती वापरता येईल. गौहरजान गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगत. हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापायचे ते त्यावरून कळे, असे सांगतात. आपल्या गायकांनीही शेवटी आपले नाव आणि गाव सांगावे. फाइलचे नाव कोणीही बदलो, आवाजात मिसळलेले नाव गाण्याबरोबर जाईल.