वेरूळची राणी, मुक्काम बोगमाळो

सरकारी कार्यालयात मोडकी खुर्ची निर्लेखित करायची तरी डेडस्टॉक रजिस्टर उघडावे लागते. आमची निम्मी नोकरी त्यातच गेली. म्हणून असेल, बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातील विमाने पाहताना त्यांच्या पराक्रमाइतकेच त्यांच्या निवृत्तीचेही आम्हाला कुतूहल वाटते.

तिथले डोळ्यांत भरणारे विमान म्हणजे लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. पंख्यांची चार इंजिने, माशासारखी बाकदार पाठ आणि मागे तीन उभी शेपटे. 1950च्या दशकात ते एअर इंडियाचे प्रवासी विमान होते. नाव 'राणी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी! 1960 मध्ये बोइंग 707 हे जेट आले आणि प्रवाशांना राणी संथ वाटू लागली. यंत्र मात्र अजून धडधाकट होते. न थांबता तासन् तास उडण्याची त्याची ताकद हवाई दलाने हेरली. पुण्याच्या लोहगावातील सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ही विमाने समुद्रावरच्या टेहळणीला वापरली. 1976 मध्ये ते काम नौदलाकडे गेले, राणी दाबोळीच्या आयएनएस हंसावर आली आणि 1980च्या दशकात तिथेच थांबली. एकाच विमानाने तीन घरे पाहिली.

विमानाचे म्हातारपण नुसत्या वर्षांवर ठरत नाही. उड्डाणाचे तास आणि उतरण्यांची संख्या नोंदवहीत चढत जाते. प्रवासी विमानात दर फेरीला हवेचा दाब भरला-सोडला जातो, पत्रा फुगतो-आकसतो आणि रिव्हेटच्या भोकांपाशी बारीक चिरा पडतात. समुद्राकाठी त्यात गंजाची भर. कित्येक भागांचे आयुष्य आधीच ठरलेले असते. मुदत संपली की वरून ठणठणीत दिसणारा भागही काढावा लागतो. नवा मिळेना, तर एक विमान उभे करून त्याच्या अंगावरचा भाग दुसऱ्याला लावतात. हे सुरू झाले की दिवस भरत आले समजावे.

सी हॅरियरचे पाहा. पहिली 1983 मध्ये दाबोळीला उतरली. हे विमान वापरणारी नौदले जगात दोनच, ब्रिटनचे आणि आपले. ब्रिटनने 2006 मध्ये ती काढून टाकल्यावर आपण एकटेच उरलो. तरीही 11 मे 2016 पर्यंत, म्हणजे आणखी दहा वर्षे, आपल्या माणसांनी ती उडती ठेवली. या चिकाटीबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

निवृत्त विमानाचे इंधन, तेल, शस्त्रे, कामाची उपकरणे काढून घेतात. उरलेला सांगाडा बहुधा भंगारात जाऊन वितळतो. एखादेच विमान संग्रहालयात पोहोचते. तेही सुटत नाही, कारण खारा वारा निवृत्तीचा आदेश वाचत नाही. उडत होती तोवर राणीच्या अंगावरून रोज तंत्रज्ञांचे हात फिरत. आता ती उघड्यावर, गोव्याच्या पावसात उभी आहे. तिचा रंग, तिचे सांधे, तिच्या पोटात साचणारे पाणी पाहायला आजही माणसे लागतात, आणि त्यांच्या पगाराची तरतूद दरवर्षी कुणालातरी मागावी लागते.