टायर: आधी आराम, मग टिकाऊपणा

परवा नातू म्हणाला, "आजोबा, मोटारसायकलने कन्याकुमारीला जातोय. टायर टिकाऊ घेऊ की मऊ?"

मास्तराला निमित्तच मिळाले! १८८८ साली बेलफास्टला जनावरांचे डॉक्टर डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले, ते धक्के कमी व्हावेत म्हणून. टिकाऊपणा नंतरचा. विसाव्या शतकात रबरात काजळी मिसळू लागले, तेव्हा टायर काळा झाला नि झीज घटली.

आता काही टायरांत मधला पट्टा कडक आणि कडा मऊ असतात. सरळ रस्त्यावर झीज कमी, वळणावर पकड. मागे तसलाच घे म्हटले. पुढचा मात्र तो बदलणार नव्हता, नक्षी शाबूत होती ना! मी बाजूवरचे चार आकडे वाचायला लावले: १२१४. म्हणजे २०१४ सालचा बारावा आठवडा. रबराला बारीक भेगा पडलेल्या.

दोन्ही बदलले.