होम थिएटर रिसीव्हर : वॅटच्या आकड्यापलीकडे

होम थिएटर घ्यायचे ठरले की ग्राहकाची नजर प्रथम खोक्यावरील वॅटच्या आकड्याकडे जाते. हा आकडा खोटा असतोच असे नाही, पण बहुधा अर्धवट असतो. ६ ओहमच्या भारावर, एकच चॅनेल चालवून, १ किलोहर्ट्झला १० टक्के विकृतीसह मोजलेले १५० वॅट आणि ८ ओहमवर, दोन चॅनेल चालवून, २० ते २०,००० हर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यात ०.१ टक्क्याहून कमी विकृतीने मिळणारे ७० वॅट हे एकाच यंत्राचे असू शकतात. तुलना करायची ती दुसऱ्या आकड्याची. तो माहितीपत्रकात दिलेलाच नसेल, तर तेही पुरेसे बोलके आहे. 'पीएमपीओ' हा शब्द दिसल्यास पुढे वाचण्याचे कारण नाही.

शिवाय स्पीकरची संवेदनशीलता ३ डेसिबलने जास्त असेल, तर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये मिळतो. म्हणून बेताच्या खर्चात नऊ चॅनेलच्या मोहात न पडता साधा ५.१ रिसीव्हर घेऊन उरलेला पैसा स्पीकरवर खर्च करणे शहाणपणाचे. दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात नऊ स्पीकर ठेवायचे तरी कुठे?

टिकाऊपणाचा खरा शत्रू उष्णता होय. आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी वाढले, तर त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येते. आपल्याकडे मात्र रिसीव्हर काचेच्या बंद शोकेसमध्ये जातो आणि त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स बसतो. वरच्या बाजूला किमान वीतभर मोकळी जागा हवी.

नव्या सुविधांची घाईही महागात पडते. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ घेऊन आलेल्या डेनॉन, मरँट्झ व यामाहाच्या काही रिसीव्हरमधून 'एक्सबॉक्स सिरीज एक्स'चे ४के, १२० हर्ट्झचे चित्र जात नव्हते. दोष आतील चिपचा होता. उलट जुना, वापरलेला रिसीव्हर स्वस्त मिळतो, पण त्यात एचडीसीपी २.२ नसल्यास संरक्षित ४के चित्र पुढे जात नाही. अशा वेळी प्लेअर थेट टीव्हीला जोडावा आणि ध्वनी ऑप्टिकल केबलने रिसीव्हरकडे न्यावा. टीव्हीची साथ असेल, तर डॉल्बी डिजिटलचे ५.१ चॅनेल तिच्यातून व्यवस्थित येतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात बिलाविना मिळणारा आयात माल घेताना मागील बाजूवरील व्होल्टेज अवश्य वाचावे. अमेरिकेसाठीचा रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास निकामी होण्याची दाट शक्यता असते. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि न मिळणारी वॉरंटी हिशेबात धरली, तर वाचलेली रक्कम फारशी उरत नाही.